चार फेऱ्यांचं कार्ड

कॉर्बिन, व्हरमाँट
९ फेब्रुवारी २०२३

प्रिय एमरी,

कॉलेज बंद होणार आहे. मंगळवारी सकाळी सगळ्यांना व्यायामशाळेत बोलावलं आणि अध्यक्षबाईंनी कागदावरून वाचून सांगितलं. मे महिन्यात शेवटचं पदवीदान, तीस जूनला कुलूप. मुलं रडली. प्राध्यापक रडले नाहीत, ते एकमेकांना विचारत होते की आरोग्य विमा कधीपर्यंत चालू राहील. मी जागेवर येऊन बसले आणि नेहमीचं टपाल फोडलं. रजिस्ट्रारच्या खुर्चीत मला हे एकतिसावं वर्ष. ते पूर्ण होणार नाही.

तुला हे कोणाकडून तरी कळेलच. माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

कामाचं एवढंच. आमची सगळी कागदपत्रं राज्याच्या दुसऱ्या एका कॉलेजाकडे जाणार आहेत. यापुढे कोणाला गुणपत्रक हवं असेल तर त्यांना पत्र घालायचं. तुला लागणार असेल तर जूनच्या आत मला कळव, मी स्वतः शिक्का मारून पाठवीन. तुझी फाइल जशी होती तशीच आहे. आठ सत्रं, सगळे विषय पास. पदवीच्या रकान्यात काही नाही.

बाबा गेल्यापासून घर तसंच ठेवलं आहे. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या अंत्यविधीला तू आला नाहीस त्याबद्दल मी काही म्हणत नाही. लोकांनी विचारलं, मी सांगितलं की आयडाहो लांब आहे. त्यांची शिट्टी आणि पोहण्याच्या संघाचे फोटो जुन्या विद्यार्थ्यांनी मागून नेले. बूट मागच्या दाराशी आहेत, ते तपकिरी, जाड तळव्याचे. तुला साडेनऊ नंबर लागतो का अजून? कॉलेजच्या पोहण्याच्या तलावाच्या फरशीवर बूट नाहीत, अशी पाटी बाबांनीच लावली होती आणि आधीच्या अध्यक्षांना एकदा देणगीदारांसमोर मोज्यांवर उभं केलं होतं, हे तुला आठवत असेल. कोणी गावात नवीन आलं की अजून ती गोष्ट सांगतात.

थंडी खूप आहे. उत्तराची घाई नाही.

आई


८ मार्च २०२३

प्रिय एमरी,

काल गावसभा झाली. रस्त्यांचं बजेट, नवी अग्निशमन गाडी आणि मग कॉलेज. कॉलेज हा विषय पत्रिकेवर नव्हता, तरी तीन तास तोच चालला. हार्डवेअरच्या दुकानातले म्हातारे ओर्विल उठून म्हणाले, "चाळीस वर्षं मी या पोरांच्या नावाने शंख करतोय. रस्त्यात नाचतात, माझ्या कुंपणावर बसतात. आता कुंपणावर कोण बसणार?" सगळे हसले. ते हसले नाहीत, खाली बसले.

दक्षिणेकडची दोन कॉलेजं आधीच गेली, तुला ठाऊक असेल. एवढंसं राज्य, त्यात डोंगर जास्त आणि अठरा वर्षांची मुलं कमी. उरलेल्या कॉलेजांनी परवा आमच्याच जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली, आमची मुलं न्यायला. बर्लिंग्टनच्या विद्यापीठाचं टेबल सगळ्यात लांब. प्रत्येक टेबलावर चॉकलेटं आणि फुकटची पेनं. माझ्या ऑफिसातली मार्गी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "लोइस, अगं, माणूस अजून खाटेवर आहे आणि हे लोक कपाटं उघडून कोट अंगाला लावून बघतायत." मी हसले. मग माझं हसू टिकलं नाही. तिच्या लक्षात आलं आणि तिने मला एक फुकटचं पेन आणून दिलं. त्याच पेनाने हे लिहिते आहे.

माझ्या सुनेचं पत्र आलं, जोलीनचं. तिने तुला न सांगता लिहिलं, असं ती म्हणते, पण मला हे लपवायचं नाही. तिने तुझ्या शाळेबद्दल लिहिलं आहे. अकरा वर्षं तू त्या वर्गांत मदतनीस म्हणून शिकवतोस, आता तुमच्या बाई निवृत्त होतायत, मुख्याध्यापकांना वर्ग तुलाच द्यायचा आहे. फक्त पदवी हवी. ऑगस्टपर्यंत ते जागा अडवून धरतील, त्यानंतर दुसऱ्याला देतील. ती लिहिते, "तो म्हणतो, जाऊ दे. पण वर्गातल्या मुलांची नावं झोपेत घेतो."

मी हे पत्र तीनदा वाचलं.

कॉलेज एकदा बंद झालं की पदवी देण्याचा अधिकारही जातो. त्यानंतर ती देणारं जगात कोणीच उरत नाही. म्हणजे अठरा मेच्या प्राध्यापक सभेत जी नावं वाचली जातील तेवढीच. हे मी इतर सव्वीस जणांना छापील पत्राने कळवलं आहे, ज्यांचं एखाददुसरं काही राहून गेलं होतं. तुला छापील पाठवलं नाही.

पोहण्याच्या त्या कार्डाबद्दल एक गोष्ट. त्यात बाबांना दोष देऊ नकोस. जास्त आज लिहवत नाही.

आई


२ एप्रिल २०२३

प्रिय एमरी,

रस्त्यावर चिखल आहे. ओर्विलच्या मुलाने मेपलचा रस उकळायला घेतला आहे, वास इथपर्यंत येतो. माझ्या ऑफिसातली खणांची कपाटं रिकामी करायला सोमवारपासून माणसं येणार आहेत. म्हणून काल मी एकटी जाऊन माझं टेबल आवरलं. सगळ्यात खालचा खण मी स्वतःच आवरणार होते.

तुझं कार्ड त्यात आहे. एकोणीस वर्षं तिथेच आहे.

मी तुला सांगितलं होतं की ते माझ्याकडे आलंच नाही. ते आलं होतं. तेरा मे २००४, सकाळी साडेआठला माझ्या ट्रेमध्ये होतं. "एमरी पेल्की, चार फेऱ्या पूर्ण," आणि खाली बाबांची सही. मी ते उचललं आणि खणात टाकलं.

का, ते सांगते. सांगून काही बदलत नाही.

तू आठ वर्षांचा असताना तळ्यावरचा बर्फ फुटून आत गेलास आणि बाबांनी तुला पायाला धरून बाहेर काढलं. त्यानंतर तू कधी पाण्यात उतरला नाहीस. उन्हाळ्यात आम्ही तळ्यावर असायचो आणि तू काचा वर करून गाडीत. गावात पोरं म्हणायची, कोचचा मुलगा अंघोळ तरी करतो का. आणि आमच्या कॉलेजात चार फेऱ्या पोहल्याशिवाय पदवी नाही. तो नियम का होता हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. कोण्या देणगीदारबाईचा मुलगा बुडाला होता म्हणे. अशी एक बाई प्रत्येक कॉलेजाला असते. पण नियम होता, आणि तो मी सगळ्यांना लावला होता. दमेकऱ्याला डॉक्टरचं पत्र आणायला लावलं होतं. मागून लोक म्हणायचे की लोइस स्वर्गाच्या दारातही फॉर्म मागेल.

त्या हिवाळ्यात बाबा एकदा जेवताना म्हणाले होते, "एका कार्डाने कोणाचं काय बिघडतं?" मग मे महिन्यात कार्ड आलं. त्याच्या तीन आठवडे आधी तू तलावाच्या गॅलरीतही यायला तयार नव्हतास. मला वाटलं, बाबांनी मुलापायी खोटी सही केली. मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "कार्ड मिळालं?"

मी म्हटलं, "मिळालं."

"बरं," म्हणाले, आणि बटाटे वाढून घेतले. एवढंच.

यादी लागली, त्यात तुझं नाव नव्हतं. तू स्वयंपाकघरात येऊन म्हणालास, "मी पोहलोय, आई." मी म्हटलं, "कार्ड आलेलं नाही." तू म्हणालास, "विचार ना त्यांना!" मी म्हटलं, "कागद नाही तर विचारून काय करू? उद्या सकाळी पुन्हा पोह, मी स्वतः काठावर उभी राहते." तुझा चेहरा मी बघितला होता. तरी ते वाक्य मी पुरं केलं.

मग तू अंगणात गेलास. बाबा गाडीखाली वाकले होते. तू त्यांना म्हणालास, "तुम्ही शब्द फिरवलात. पाठीवर पोहलो म्हणून मोजलं नाहीत ना?" खिडकी उघडी होती. बाबा उभे राहिले, हात पुसत राहिले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. एकच वाक्य पुरलं असतं, की कार्ड मी दिलंय, तुझ्या आईला विचार. ते बोलले नाहीत. तू घर सोडून गेलास.

त्यानंतर एकदाच, बाजारातून येताना, गाडी चालवता चालवता म्हणाले, "लोइस, तुला वाटतं मी खोटी सही केली?"

मी म्हटलं, "मला काही वाटत नाही. नियम आहे."

त्यांनी गाडीचा वेगसुद्धा बदलला नाही. पुन्हा कधी विचारलं नाही. तुझा राग त्यांनी अठरा वर्षं स्वतःच्या अंगावर घेतला, कारण माझ्यावर तो येऊ द्यायचा नव्हता. ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी ते त्यांना करू दिलं.

२०११ साली पोहण्याचा नियमच काढून टाकला. तलावात पाणी ठेवणं परवडेना. मात्र ज्याने ज्या वर्षी प्रवेश घेतला त्याला त्या वर्षीची नियमपुस्तिका लागू, असा दुसरा नियम आहे, आणि मी त्याच्या आड बसले. मनात आणलं असतं तर एक अर्ज लिहून तुझं नाव पुढे करता आलं असतं. पण मग बाबांनी विचारलं असतं, तेव्हा का नाही? म्हणून लिहिला नाही.

दिसायला हे पत्र लांब झालं आहे, खरं तर यात एकच गोष्ट आहे.

आई


२६ एप्रिल २०२३

प्रिय एमरी,

तुझं उत्तर नाही. ते बरोबरच आहे. पण आता लिहिते ते कामाचं आहे आणि त्याला तारीख आहे, म्हणून वाच.

तलावाची इमारत गेल्या गुरुवारी रिकामी केली. मार्गी आणि मी गेलो. बाबांच्या ऑफिसात अजून क्लोरीनचा वास आहे. पाणी जाऊन बारा वर्षं झाली, वास गेला नाही. कपाटात जीवरक्षक मुलांच्या नोंदवह्या होत्या, वर्षावार बांधलेल्या. पहारा देणाऱ्याने रोज लिहायचं असतं, पाणी किती गरम, कोण आलं, कोणाला काय लागलं. मार्गी म्हणाली, "हे सगळं कचऱ्यात ना?" मी म्हटलं, २००४ ची वही दे.

ती म्हणाली, "का गं?" मग माझ्याकडे बघितलं आणि वही शोधून दिली.

जशी आहे तशी उतरवते.

"१३ मे. सकाळी ५.५०. पाणी ७९ अंश फॅरनहाइट. ई. पेल्की, चार फेऱ्या. पहिल्या दोन पोटावर, नंतरच्या दोन पाठीवर. मध्ये थांबला नाही. ११ मिनिटं. कोच काठाकाठाने त्याच्याबरोबर चालत होते, पूर्ण वेळ, बूट घालून. मी पाटीची आठवण करून दिली नाही. बाकी कोणी नव्हतं. ट्रूडी लव्हाली."

सही बाबांची नाही. अक्षर बाबांचं नाही.

मार्गीने एक डबा पालथा करून मला बसायला दिला. बूट घालून. खोटं लिहायला बसलेल्याला हे सुचलं नसतं. तू बुडलास तर उडी मारायची होती त्यांना, आणि बूट काढायचंही त्यांना सुचलं नाही. तू हातपाय मारत पुढे जातोयस आणि ते तुझ्या डोक्याच्या रेषेत चालतायत. अकरा मिनिटं. हे मला बघायला मिळालं असतं. मी तेव्हा घरी, कामाच्या कपड्यांना इस्त्री करत होते.

मला तू सांगितलं होतंस, त्यांनी सांगितलं होतं. मी तुम्हा दोघांवर विश्वास ठेवला नाही आणि वहीवर ठेवला. माझी चूक कोणती म्हणून कोणी विचारलं तर ही आहे.

दुसऱ्या दिवशी मी डीनकडे गेले. बिचारा तरुण आहे, फिच त्याचं नाव, जुलैपासून त्यालाही नोकरी नाही. तो म्हणाला, "लोइस, तलावच उरला नाही, आता कसलं पोहणं? अट माफ करून टाकू या. मी सही करतो."

मी म्हटलं, "माफी नको. त्याने केलंय ते."

"मग कारण काय लिहायचं? एकोणीस वर्षं उशीर का?"

"रजिस्ट्रारची चूक."

"तसं लिहायची गरज नाहीये हो. 'कार्यालयीन विलंब' लिहू."

"चूक लिहा. माझं नाव लिहा."

त्याने पेन उचलून लिहून घेतलं. मग म्हणाला, "उशिरा आलेल्या नावाचं कारण सभेत मोठ्याने वाचावं लागतं. तुम्हालाच. माहीत आहे ना?"

मी म्हटलं, तो नियम मीच लिहिला आहे.

आता तुझं काम. पदवीसाठी अर्ज विद्यार्थ्याने स्वतः करायचा असतो, स्वतःच्या सहीने. सोबत कोरा अर्ज आहे आणि परतीचं पाकीट, तिकीट लावलेलं. जिथे खूण केली आहे तिथे सही. त्याखाली एक ओळ आहे, नाव कसं वाचावं, ती भर. अठरा मेच्या दुपारी दोनच्या आत तो माझ्या हातात हवा. मार्गी म्हणाली, "तूच कर ना सही, लहानपणापासून त्याचं अक्षर बघितलंयस." तिला वाटलं मी चिडेन. मी चिडले नाही. पण करणार नाही. तुझ्या वतीने मी एकदा ठरवून झालं आहे.

तुला नको असेल तर अर्ज पाठवू नकोस. मी पुन्हा लिहून मागे लागणार नाही. मला माफ कर असंही मी यात लिहिलेलं नाही, ते अर्जाला जोडून मागणं बरं नाही.

आई


१९ मे २०२३

प्रिय एमरी,

काल सभा झाली.

सोमवारी टपालात काही नव्हतं. मंगळवारी, बुधवारीही नाही. मी कोणाला काही बोलले नाही, पण मार्गी रोज दहा वाजता टपालवाल्याच्या आधी फाटकात जाऊन उभी राहायची. काल सकाळी यादी टाइप करून तयार होती. एकशे अठरा नावं. तुझ्यासाठी जागा ठेवली नव्हती. तसं करता येत नाही.

सव्वाअकराला मार्गी आली. तिच्या हातात पाकीट होतं. मी पाकीट कात्रीने उघडलं, वाकडंतिकडं फाटू नये म्हणून. आत फक्त अर्ज होता. चिठ्ठी नव्हती. मी पाकिटात पुन्हा बघितलं. सही खुणेच्या जागी.

मग खालची ओळ.

कॉलेजात आल्या दिवसापासून तू मधलं नाव, बाबांचं, कुठेच लिहिलं नाहीस. प्रवेशाच्या फॉर्मवरही तुझ्या हाताने खोडलेलं आहे, माझ्यासमोर खोडलं होतंस. कोचचा मुलगा म्हणवून घ्यायचं नव्हतं तुला. काल त्या ओळीवर स्वच्छ, मोठ्या अक्षरात होतं, एमरी रोलंड पेल्की.

मी यादी पुन्हा टाइप केली. एकशे एकोणीस.

प्राध्यापक सभा ग्रंथालयात होती, खुर्च्या तिथेच उरल्या आहेत. पुस्तकं गेली, नुसत्या फळ्या. सव्वीस प्राध्यापक आले. मी नावं वाचायला लागले. नेहमी कोणी तरी मागे कुजबुजतं, काल कुजबुज नव्हती. तुझ्या नावाशी आल्यावर मी थांबले आणि कारण वाचलं. "सर्व अटी १३ मे २००४ रोजी पूर्ण. विलंबाचं कारण, रजिस्ट्रार लोइस पेल्की यांनी कार्ड दाबून ठेवलं." फिचने लिहिलेला शब्द मऊ होता, मी बदलून घेतला.

मग इतिहासाचे म्हातारे सर, ज्यांनी तुला शिकवलं, ते खुर्चीतूनच म्हणाले, "हा तोच ना, माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून पुढच्या बाकावरच्यांना शिकवायचा?"

मी म्हटलं, "तोच."

"मग वेळ का घालवताय? पुढे चला."

पुढची नावं मी वाचली, आवाज नीट राहिला. शेवटी सगळ्यांनी मिळून 'हो' म्हणायचं असतं. म्हणाले. नाही म्हणणारं कोणी आहे का, विचारायचं असतं. विचारलं. नव्हतं. मग सभा संपली असं फिचने म्हटलं आणि सगळे तसेच बसून राहिले, कारण उठलं की संपलंच असतं. शेवटी मार्गी म्हणाली, "कॉफी थंड होतेय, लोकहो," तेव्हा उठले.

पदवीपत्र सोमवारी टपालात टाकीन. शाळेला लागणारं गुणपत्रक वेगळ्या पाकिटात, त्याचं सील मुख्याध्यापकांनीच फोडायचं, तू फोडू नकोस, मग ते चालत नाही. पदवीच्या रकान्यात आता तारीख आहे.

कार्डही पाठवते. नियमाने ते फाइलीत जायला हवं. फायली मंगळवारी ट्रकने जातील, त्यात ते मी घालणार नाही. एवढा एक नियम मोडते.

सगळं एका खोक्यात घातलं आहे, तळाशी बाबांचे बूट आहेत. पुसले आहेत, पॉलिश केलेलं नाही. उजव्याच्या टाचेजवळ पांढरट डाग आहे, तो क्लोरीनचा. मी इतकी वर्षं म्हणत होते की हा डाग कशाने पडला कोण जाणे, आणि बाबा म्हणायचे, पडला असेल कशाने तरी.

आई